सगळ्यांनाच 'वेड' कसे चालेल?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून इंग्रजी लेखांचे मराठी भाषांतर करते. पुण्यातील टेकड्यांवर रोज पहाटे जाणाऱ्या मंडळींवरचा एक लेख सध्या हाती आहे. त्यात 'एन्थुझियास्ट', 'फॅन', 'क्रेझ', 'मेनिया' असे शब्द येतात आणि माझ्या मसुद्यात सगळीकडे 'वेड' पडले आहे. या शब्दांत खरोखर फरक आहे का? असल्यास तो मराठीत कसा राखावा?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : फरक आहे, आणि तो राखण्याजोगा आहे.

'एन्थुझियाझम' हा शब्द मूळचा ग्रीक. 'एन' म्हणजे आत आणि 'थेओस' म्हणजे देव. ज्याच्यात देव संचारला आहे त्याच्या अवस्थेचे हे नाव. जत्रेत देवीसमोर केस मोकळे सोडून घुमणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही; आपण त्याला 'अंगात येणे' म्हणतो. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द दूषण म्हणून वापरला जाई. देव थेट आपल्याशीच बोलतो असे सांगणाऱ्यांना तो लावत, आणि जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या 1700 सालच्या चौथ्या आवृत्तीत त्याविषयी सावध करणारे एक स्वतंत्र प्रकरणच घातले. आज तोच गुण नोकरीच्या जाहिरातींत मागितला जातो. 'फॅन'चा प्रवासही देवळातूनच सुरू होतो. लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देऊळ, त्यावरून 'फॅनॅटिक', आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांसाठी त्याचेच आखूड रूप रूढ झाले, असे बहुतेक कोशकार मानतात.

'क्रेझ'चे घराणे निराळे आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ तडकणे, फुटणे असा होता. घरातला एखादा जुना चिनी मातीचा कप उजेडाकडे धरून पाहा : आतल्या झिलईवर केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसते आणि वर्षानुवर्षांचा चहा त्यांत मुरून त्या तपकिरी झालेल्या असतात. कुंभारकामात या तडकण्याला आजही 'क्रेझिंग' म्हणतात. तडा गेलेले भांडे तसे तडा गेलेले डोके, आणि तिथून पुढे लोकांच्या डोक्यात काही काळ शिरलेली लहर, असा अर्थ सरकत गेला. म्हणून 'क्रेझ' अल्पजीवी असते आणि बहुधा अनेकांची मिळून असते. मराठीत तिला नेमका शब्द 'खूळ'.

'मेनिया' हे ग्रीकांचे थेट वेडच. इंग्रजीने त्याचा प्रत्यय केला आणि तो गर्दीला जोडला. हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव अतोनात चढून फेब्रुवारी 1637 मध्ये कोसळले, तो 'ट्यूलिप मेनिया'. 1840 च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरवर उड्या पडल्या, तो 'रेल्वे मेनिया'. येथे आपले 'वेड' बसते. मात्र वैद्यकात 'मेनिया' ही बायपोलर विकारातील अवस्था आहे : माणूस दोन-तीन तास झोपूनही थकत नाही, बोलणे आवरत नाही, पैसे बेसुमार उधळतो, आणि हे किमान आठवडाभर टिकते. त्यासाठी मराठीत 'उन्माद' आहे. तो शब्द टेकडी चढणाऱ्यांवर खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना तो नेमक्या अर्थाने लागतो.

आता मराठीकडे. आपल्याकडे हा फरक नामाइतकाच क्रियापदात असतो, आणि भाषांतरात नेमका तोच निसटतो. वेड लागते, छंद जडतो, चटक लागते, खूळ डोक्यात शिरते. या सगळ्यांत माणूस कर्ता नाही, ती गोष्ट त्याच्यावर चालून येते. ध्यास मात्र माणूस स्वतःही घेऊ शकतो. हौस असते आणि ती भागवताही येते, ध्यास भागत नाही. 'एन्थुझियास्ट'ला 'हौशी' म्हणण्याचा मोह होईल, पण 'हौशी रंगभूमी'मुळे त्या शब्दाला 'व्यावसायिक नसलेला' अशी छटा चिकटली आहे, हे लक्षात असू द्यावे. 'नाद' प्रेमाने म्हटला तर गोड आहे. 'नादी लागणे' म्हटले की तक्रार सुरू होते.

तेव्हा आपल्या लेखात, पावसातही वेताळ टेकडी न चुकवणाऱ्यांना 'टेकडीचा नाद लागलेली माणसे' म्हणावे. नवे बूट घेऊन जानेवारीत येणाऱ्या आणि मार्चमध्ये न दिसणाऱ्या गर्दीचे ते 'खूळ'. 'फॅन'ला 'चाहता' पुरतो. आणि 'वेड' एकदाच, जिथे मूळ लेखक सबंध शहराविषयी बोलतो तिथे ठेवावे.