मेट्रोजवळचे लहान घर की उंड्रीचे मोठे?

प्रश्न : आम्ही कोथरूडला भाड्याने राहतो. माझी नोकरी येरवड्याला आहे, यजमानांची कासारवाडीला. जेवढे पैसे आहेत तेवढ्यात वनाज मेट्रो स्थानकाजवळ जुन्या इमारतीतले एका बेडरूमचे घर मिळते किंवा उंड्रीला एका पार्किंगसह दोन बेडरूमचे. सासूबाई म्हणतात, ‘‘दारात गाडी ठेवायची सोय असताना लोकांच्या गर्दीत कशाला घुसायचे?’’ काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे पुण्याच्या सवयीतून आलेले आहे. मुंबईत १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि उपनगरे पुढे रुळांच्या कडेने वाढली. त्यामुळे डोंबिवलीत घर घेणारा फास्ट गाडीचा हिशेब आधी करतो, आणि लोकलने जाण्यात तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. पुणे मात्र आधी सायकलवर आणि मग दुचाकीवर पसरले. मेट्रो आली ती ६ मार्च २०२२ रोजी. तोवर बस म्हणजे गाडी नसणाऱ्याचे साधन, अशी समजूत घट्ट झाली होती.

आपल्यापुरते पाहता, वनाजहून येरवड्याला गाडी न बदलता जाता येते आणि यजमानांना जिल्हा न्यायालय स्थानकात एकदाच मार्ग बदलावा लागेल. उंड्रीला आज मेट्रो नाही, आणि तिथून कासारवाडी म्हणजे शहर आडवे ओलांडणे. तरीही जाहिरातीतल्या ‘स्थानकापासून पाच मिनिटे’वर विसंबू नका. एखाद्या सोमवारी डबा-पिशवीसह दोघांनी त्या इमारतीच्या फाटकापासून कचेरीतल्या खुर्चीपर्यंत प्रवास करून घड्याळ पाहावे. कासारवाडीला उतरल्यावर पुढे रिक्षा मिळते की पायपीट होते, यावरच बराचसा निर्णय ठरेल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. स्थानकाजवळ राहणारे मेट्रोने अधिक जातात, हे खरे. पण त्यांतल्या अनेकांनी मेट्रोने जायचे म्हणूनच तिथे घर घेतलेले असते. आजही कोथरूडहून आपण दोघे दुचाकीनेच जात असाल, तर केवळ पत्ता बदलून ती सवय सुटेल असे मला वाटत नाही, आणि मग हक्काची एक खोली उगाच गमावल्यासारखे होईल.

माझा कल वनाजकडे आहे. मात्र त्या जुन्या इमारतीला लिफ्ट आहे का, ते आधी पाहा. आणि उंड्रीच्या बिल्डरला विचारा की पार्किंग एकच असेल, तर तुमची दुसरी गाडी रात्री कुठे उभी राहणार.