पेडेस्टल बेसिन, चिऱ्याची भिंत आणि माझा गाढवपणा

बेसिनखालचं कपाट पावसाळ्यात फुगलं, दारं लागेनात, आत बुरशीचा वास. ते काढून पेडेस्टल बेसिन (खाली चिनीमातीचा खांब असलेलं) लावायचंय, घर गुहागरला, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि प्लंबर म्हणतोय ‘अर्ध्या दिवसाचं काम’. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, ही मीच लिहिलीय. आमचाही अगदी हेच म्हणाला होता.

कपाट काढणं, पाणी बंद करणं वगैरे तो बघेल. मी फक्त भिंतीबद्दल बोलतो. (प्लंबर नाही मी, निवृत्त बँकवाला आहे. स्वतःच्या घरापुरतं सांगतोय.)

माझी समजूत अशी होती, की बेसिनचं सगळं ओझं खालचा खांब घेतो. तसं नाही. खांबाचा टेकू मिळतो, पण तो मुख्यतः पाइप झाकायला असतो. बेसिन धरून ठेवतात ते मागच्या भिंतीतले दोन बोल्ट. आता चिरा काय चीज आहे ते आपल्याला ठाऊकच आहे. ड्रिल मारलं तशी भोकातून तांबडी भुकटी भसाभसा आली. मी करंगळी घालून बघितली तर भोक आणखी मोठं झालं! प्लंबरने प्लास्टिकची गिट्टी ठोकली, ती सैल. मग काडेपेटीच्या काड्या कोंबल्या आणि वरून पांढरं सिमेंट लिंपलं. मी चहाचा कप घेऊन शेजारी उभा होतो, दिसत सगळं होतं, आणि एक अक्षर बोललो नाही.

महिनाभर छान चाललं. मग चतुर्थी आली, मुंबईचे चाकरमानी आले, घरात बारा माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या दात घासताना बेसिनवर रेलला. बेसिन चांगलं दोन बोटं पुढे आलं, बॉटल ट्रॅपचा (बेसिनखालच्या सांडपाण्याच्या बाटलीसारख्या भागाचा) जोड निसटला आणि सगळं पाणी लादीवर. खांब मात्र जागच्या जागी उभा, जसा काही याच्याशी त्याचा संबंधच नाही. गौरी-गणपती जाईपर्यंत आम्ही बादलीवर तोंड धुतलं.

नंतर दुसऱ्या गवंड्याने केलं ते असं: बेसिन खांबावर नुसतं ठेवून भोकांच्या खुणा केल्या. दोन्ही खुणांवर सहा इंच चौरस, पाच इंच खोल चिरा फोडला, त्यात 1:2:4 काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) भरून रॅग बोल्ट, म्हणजे काँक्रीटमध्ये पुरायचे खडबडीत बुडाचे बोल्ट, त्यातच पुरले आणि सात दिवस पाणी मारलं. त्याआधी बेसिनला हात लावायचा नाही, घरच्यांनी कितीही कटकट केली तरी. नट आवळताना रबरी वॉशर हवाच, आणि जोर लावू नका, चिनीमाती तडकते. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. समुद्र जवळ असेल तर 304 ग्रेडच्या स्टीलपेक्षा 316 बरं. पाकिटातले चकचकीत दोन पावसाळ्यांत गंजतात, निदान आमच्याकडे तरी गंजले.

हो, आणि दुकान. बेसिन आणि खांब वेगवेगळ्या खोक्यांत येतात. आमच्या खोक्यात भलत्याच मॉडेलचा खांब निघाला. दुकानदार म्हणाला, खोकं फोडलं, आता परत नाही. फोडल्याशिवाय कळणार कसं, याला उत्तर नाही. तीन खेपा मारल्या, शेवटी दुसरा खांब पैसे मोजून घेतला. पहिला अजून पडवीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. तेव्हा दुकानातच एकावर एक ठेवून बघा. लाजू नका.

आणखी एक. कपाटाच्या मागे बऱ्याचदा टाइल्स लावलेल्याच नसतात. तुमच्या भिंतीच्या थोड्या जास्तीच्या टाइल्स माळ्यावर असतील तर आत्ताच शोधून ठेवा.

तुमच्या फोटोत दोन अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीतून येणारे पाणी बंद करायचे छोटे नळ) बरेच लांब-लांब दिसताहेत. खांबाआड जेमतेम सहा-सात इंच झाकतं, बाकीचं बाहेर दिसणार. त्यांच्यातलं अंतर आणि सांडपाण्याचा पाइप भिंतीत आहे की लादीत, एवढं बघून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.