केनियात राहून आलेल्या कुणी सांगेल का, तिथलं रोजचं जगणं आणि राजकारण कसं आहे?

2024 च्या एप्रिल ते जुलै मी नैरोबीत होतो. आमच्या भोसरीच्या कंपनीनं तिथल्या एका बिस्किट कारखान्याला पॅकिंगची मशिनं विकली होती, ती बसवून चालू करून द्यायची होती. चार महिन्यांत काही देश कळत नाही. तेव्हा मी सांगतोय ते नैरोबीपुरतं, आणि त्यातही इंडस्ट्रियल एरिया ते पार्कलँड्स एवढ्याच पट्ट्यातलं समजा.

आधी एक: जून-जुलैत जाणार असाल तर स्वेटर न्या. शहर जवळपास 1,700 मीटर उंचीवर आहे. आफ्रिका म्हणून मी सगळे सुती शर्ट नेले आणि पहिल्याच महिन्यात जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊन जाकीट घेतलं.

दुपारी जेवायला कारखान्याबाहेरच्या पत्र्याच्या टपरीत जायचो, तिला तिथे किबांडा म्हणतात. ‘चापो न्देंगू’ मागायचं, म्हणजे चपाती आणि चक्क मुगाची उसळ. चपाती जाड, तेल सढळ, आपल्या पराठ्याच्या वळणाची. पैसे एम-पेसानं, फोनवरून. मी मोठ्या उत्साहानं आपल्या यूपीआयचं कौतुक सुरू केलं, तर टपरीवाल्या बाई हसल्या. त्यांच्याकडे हे 2007 पासून आहे, तेही बटणांच्या साध्या फोनवर.

राजकारण मी त्या टपरीच्या बाकड्यावरच शिकलो. तिथे नवा माणूस भेटला की ‘क्वेनू नी वापी?’ विचारतात. शब्दशः अर्थ ‘तुमचं घर कुठे?’, पण विचारायचं असतं वेगळंच. आपल्याकडे ‘कुठले पाटील?’ म्हणून विचारतात ना, तस्संच. बरेचदा तर विचारावंही लागत नाही. ओटिएनो, ओन्यांगो म्हटलं की लुओ, कामाऊ म्हटलं की किकुयू, किप-नं सुरू झालं की कालेंजिन. आणि जमात कळली की मत कुणाला, हे समोरच्यानं गृहीत धरलेलंच असतं. 2007 च्या निवडणुकीनंतर याच हिशेबावरून अकराशेच्या वर माणसं मेली. 2022 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम रुटो (कालेंजिन) 50.49 टक्के मतांवर निसटते जिंकले, रायला ओडिंगा (लुओ) हरले. रुटोंचे तेव्हाचे उपाध्यक्ष गाचाग्वा तर उघड सांगायचे, सरकार म्हणजे कंपनी, ज्यांनी मतं दिली ते शेअरहोल्डर.

गंमत म्हणजे 2017 साली तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही सरकारनं देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. मात्र एकदा मोई अव्हेन्यूवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो, तर तळमजल्यावर जोसेफ मुरुंबी यांचा कलासंग्रह मांडलेला. 1966 मध्ये देशाचे उपाध्यक्ष झालेले हे गृहस्थ. वडील गोव्याचे, आई मसाई. आता यांना कुठल्या खात्यात टाकणार?

जूनमध्ये मात्र हा सगळा हिशेबच विस्कटला. नव्या वित्त विधेयकात ब्रेडवर 16 टक्के व्हॅट होता, गाडीवर दरसाल अडीच टक्के कर होता. आमच्या लाइनवरचा ऑपरेटर, वय चोवीस, चहाच्या सुट्टीत ते विधेयक मोबाइलवर कलमवार वाचायचा आणि बाकीच्यांना स्वाहिलीत समजावायचा. पोरांनी अध्यक्षांना ‘झकायो’ नाव ठेवलं होतं, बायबलातला झाडावर चढलेला करवसुलीदार. ‘झकायो शुका’, खाली उतर. ब्रेडचा कर मागे घेतला, तरी पोरं हटली नाहीत. म्हणायची, आम्हाला जमात नाही, पक्ष नाही, पुढारी नाही. आपल्याकडची आंदोलनं पाहिलेल्या मला हे फारसं खरं वाटत नव्हतं.

25 जूनला, मंगळवारी, कारखाना दुपारीच बंद केला. विधेयक 195 विरुद्ध 106 मतांनी मंजूर झालं आणि थोड्याच वेळात लोक संसदेत घुसल्याचं आम्ही टीव्हीवर पाहिलं. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. देशाच्या मानवाधिकार आयोगानं 1 जुलैपर्यंत 39 मृत्यू मोजले. 26 जूनलाच रुटो म्हणाले, सही करणार नाही. ऑपरेटर शुक्रवारी कामावर आला तेव्हा त्याचे डोळे लालभडक होते. अश्रुधुरानं की जागरणानं, मी विचारलं नाही.

जुलैत रुटोंनी जवळपास सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि नव्यात ओडिंगांच्या पक्षातले चौघे घेतले. म्हणजे पुन्हा शेअर वाटपच! बाकड्यावर दोन दिवस त्यावरून खसखस पिकली, काहीजण मात्र गप्पच होते. मला विचाराल तर पोरांनी मिळवलं ते खरं, पण त्यातलं बरंचसं जुन्या मंडळींनी महिन्याभरात पचवलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या ऑपरेटरनं मला विचारलं, तुमच्या नावावरून तुमच्याकडे काय काय कळतं? मी सांगितलं, जवळजवळ सगळंच. मग कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? म्हटलं, गाव सांगून मोकळा होतो. तो म्हणाला, मी नैरोबी सांगतो. तरी लोक विचारतात, ते बरोबर आहे, पण घर कुठे?