सुट्टीचा भत्ता नंतर, आधी डोळे तपासा

‘मुलगा रेल्वेत सिग्नलवर लागला तर गणेश चवथीला घरी येईल का? आणि सुट्टीच्या दिवशी ड्युटी केली की दुप्पट पगार मिळतो म्हणतात, ते खरं का?’ रेल्वे भरतीबद्दल आमच्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्या गोव्यातल्या पालकांचे हे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले. पहिला आई विचारते, दुसरा बहुतेक मामा किंवा काका. हे प्रकरण पेडणे तालुक्यातल्या एका कुटुंबाचं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला, घरी बसून ‘रेल्वेची तयारी’ करणारा. वडिलांना सरकारी नोकरी हवी, आईचा जीव चवथीत, आणि मामाचं एकच पालुपद: सणासुदीला चार ड्युट्या मारल्या की झालं, पैसाच पैसा.

तयारी जोरात होती, पण कोणत्या पदाची, हे मुलाला सांगता येईना. ‘सिग्नलची’ एवढंच उत्तर. आपल्याकडे सिग्नलचं काम तीन वेगवेगळ्या माणसांत वाटलेलं असतं आणि तिघांची भरती आणि पगार वेगळे असतात, डोळ्यांच्या अटीही सगळ्यांना सारख्या नसतात. गाडीला सिग्नल देतो तो स्टेशन मास्तर. पॅनलवर तो मार्ग लावतो. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ) बरोबर फिरून कुलूपबंद झाले नाहीत किंवा लाइन मोकळी नसेल, तर इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधणारी यंत्रणा, त्याला सिग्नल देऊच देत नाही. दुसरा पॉइंट्समन: शंटिंग, हातसिग्नल, डबे जोडणं-तोडणं. तिसरा सिग्नल विभागाचा टेक्निशियन. सिग्नल, सांधे फिरवणारं पॉइंट मशीन, ट्रॅक सर्किट, अ‍ॅक्सल काउंटर (शेवटची दोन रुळावर गाडी आहे की नाही ते ओळखतात) हे सगळं चालतं ठेवायचं ते त्याने.

तिघांचं काम एकाच वेळी पाहायचं तर पावसाळ्यातली रात्र घ्यावी. मास्तर मार्ग लावतो, पण सांधा नीट बसल्याचं इंडिकेशन पॅनलवर येत नाही. पुन्हा फिरवून पाहतो, तरी नाही. मग फेल्युअर रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद आणि टेक्निशियनला निरोप. गाडी खोळंबून चालत नाही, म्हणून क्रँक हँडल काढून सांधा हाताने फिरवायचा, त्याला क्लॅम्प लावून कुलूप घालायचं. हे पॉइंट्समन भर पावसात, रुळांत वाकून करतो. मास्तर लोको पायलटला लाल सिग्नल ओलांडायचा लेखी परवाना देतो, त्याला टी/369 (3बी) म्हणतात, आणि गाडी त्या सांध्यावरून ताशी 15 किलोमीटरने सरकते. टेक्निशियन येऊन बघतो तर बऱ्याचदा कारण क्षुल्लक: सरकणारा रूळ आणि स्थिर रूळ यांच्यात अडकलेला खडीचा तुकडा. तिथे 5 मिलिमीटरची पट्टी अडकली तरी सांध्याने कुलूप घेता कामा नये, असाच नियम आहे आणि ही चाचणी नियमित करायची असते. म्हणजे यंत्रणेने गाडी अडवली ते बिघाडाने नव्हे, शहाणपणाने. ट्रॅक सर्किटचंही तसंच. खडीत चिखलपाणी साचलं की रुळांमधून करंट गळतो, रिले (करंटवर चालणारा स्विच) पडतो, लाइन रिकामी असूनही ‘भरलेली’ दिसते. गोव्याच्या पावसात टेक्निशियनला ही कटकट पाठ होते.

हे ऐकताना मुलगा चष्मा पुसत होता. त्या चष्म्याबद्दल तोवर घरात कुणीच काही बोललं नव्हतं.

स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन ही दोन्ही पदं वैद्यकीय ए-2 श्रेणीतली. लांबची नजर दोन्ही डोळ्यांना 6/9, तीही चष्म्याशिवाय. जवळची नजरसुद्धा चष्म्याशिवाय. शिवाय रंगदृष्टी, दोन्ही डोळ्यांचा मेळ, रात्रीची आणि अंधुक उजेडातली नजर. या मुलाचा नंबर उणे सव्वा. म्हणजे मास्तरकीची परीक्षा पहिल्या झटक्यात काढली असती, तरी तो रेल्वेच्या दवाखान्यात अडकला असता. आणि तिथे नापास झालेल्या उमेदवाराला दुसरी पर्यायी नोकरी मिळत नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचत मात्र कुणी नाही. क्लासवाले तर नाहीच सांगत, त्यांची फी डोळ्यांवर अवलंबून नसते.

वडील लगेच म्हणाले, ‘लेझर करून घेऊया की.’ थांबायला सांगावं लागलं. सहाय्यक लोको पायलटच्या जाहिरातीत लेसिक किंवा तशी शस्त्रक्रिया केलेला उमेदवार चालत नाही, असं सरळ छापलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही पदासाठी डोळ्याला हात लावण्याआधी त्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग ओळीनं ओळ वाचावा. रंगदृष्टीचंही आधीच पाहून घ्यावं. ठिपक्यांमधला आकडा ओळखायच्या पाट्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे असतात. काही मुलं त्या पाठ करून जातात. पुढे कंदिलातल्या रंगीत दिव्यांची चाचणी असते, तिथे पाठांतर कामाला येत नाही.

मग मार्ग कुठला? तिसरा. टेक्निशियन ग्रेड 1 (सिग्नल) या पदाला बी-1 श्रेणी लागते. त्यात चष्मा चालतो: चष्म्यासह एका डोळ्याला 6/9, दुसऱ्याला 6/12, भिंगाची ताकद 4 पर्यंत. रंगदृष्टी मात्र इथेही पक्की हवी. शिक्षणाची अट बीएस्सी फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा याच शाखांतला डिप्लोमा-डिग्री. हा मुलगा पात्रतेत बसत होता आणि तयारी मात्र भलत्याच परीक्षेची करत होता. मास्तरकीसाठी पदवी कुठलीही चालते, पण तिथे 100 प्रश्नांची पहिली आणि 120 प्रश्नांची दुसरी परीक्षा, वर कॉम्प्युटरवरची अभियोग्यता चाचणी. या चाचणीच्या प्रत्येक भागात 42 टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण) हवाच, त्यात कुणालाही सवलत नाही, आणि ती फक्त हिंदी-इंग्रजीत होते. टेक्निशियन ग्रेड 1 ची परीक्षा एकच: 90 मिनिटांत 100 प्रश्न. त्यातले 35 मूलभूत विज्ञान-अभियांत्रिकीचे, 20 कॉम्प्युटरचे, 20 गणिताचे, 15 बुद्धिमत्तेचे आणि सामान्य ज्ञानाचे फक्त 10. याने चालू घडामोडींच्या वह्या भरभरून लिहिल्या होत्या. त्या बाजूला ठेवायला सांगितल्या, रिले आणि ओहमचा नियम काढायला सांगितला. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून ‘ठोकून देऊ’ हा प्रकार नको. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि कोंकणीतही. भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते.

अर्ज एकाच भरती बोर्डाकडे करता येतो. दोन ठिकाणी भरला तर दोन्हीकडून जायची वेळ येते. गोव्यातली मुलं सवयीने मुंबई निवडतात. पण वास्को, कुडचडे-सावर्डे, कुळे ते कॅसलरॉक ही लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची आहे आणि त्या रेल्वेची भरती बेंगळुरू बोर्डाकडून होते. बेंगळुरू निवडलं म्हणून वास्कोच मिळेल असं नव्हे. म्हैसूर किंवा बेंगळुरू विभागही पदरात पडेल. तरी मुंबई निवडून गोव्याची आशा धरण्यापेक्षा हे बरं. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, काणकोण ही कोकण रेल्वे. ते वेगळं महामंडळ, त्याची जाहिरात वेगळी निघते. ज्यांची जमीन रेल्वेसाठी गेली त्यांना तिथे प्राधान्य असतं. हे सांगितल्यावर वडिलांना आठवलं, आजोबांच्या भाटाची (माडाच्या बागायतीची) एक पट्टी रुळाखाली गेली होती. कागद? ‘असेल कुठेतरी.’ भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत आणि आजोबांपासून मुलापर्यंतचं नातं दाखवणारे दाखले आत्ताच जमवा म्हणून बजावलं. जाहिरात निघाल्यावर मामलेदार कार्यालयात खेटे घालायला वेळ पुरत नाही. कुठलं नातं ग्राह्य धरतात, ते त्या-त्या जाहिरातीत दिलेलं असतं.

आता मामाचा हिशोब. ‘दुप्पट’ कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. ओव्हरटाइमला रोस्टरच्या (ड्युटीच्या वेळापत्रकाच्या) तासांपुढे दीडपट आणि कायदेशीर मर्यादेपुढे दुप्पट दर असतो. पण ओव्हरटाइम म्हणजे जादा तास. सुट्टीच्या दिवशी ठरलेलीच पाळी केली तर तो ओव्हरटाइम होत नाही. त्यासाठी राष्ट्रीय सुट्टी भत्ता आहे आणि तो ठोक असतो. सातव्या वेतन आयोगानंतर लेव्हल (पगाराची पायरी) 1-2 ला दिवसाला 384, लेव्हल 3 ते 5 ला 477 आणि 6 ते 8 ला 630 रुपये असे दर ठरले. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की त्यात 25 टक्के वाढ. टेक्निशियन ग्रेड 1 लेव्हल 5 मध्ये येतो, मूळ पगार 29,200. म्हणजे दिवसाचा नुसता मूळ पगारच 970 रुपयांच्या पुढे. भत्ता त्याच्याही खाली, दुप्पट कुठला? आणि तो मिळतो 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि रेल्वेच्या यादीतल्या इतर दिवसांना. गावच्या देवळाची जत्रा किंवा शिगमो यादीत नसेल तर तो दिवस साध्या ड्युटीचा.

रात्रपाळीचे पैसे वेगळे, आणि वर्षभराचा विचार केला तर तेच जास्त जमतात. रात्री 10 ते सकाळी 6 मधल्या प्रत्येक तासाला 10 मिनिटं जादा धरतात. दर काढायचा तर मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 200. कागदावर मांडून दाखवलं: 29,200 वर 50 टक्के महागाई भत्ता धरला तर 43,800, तासाला 219. पूर्ण रात्रीचे 8 तास म्हणजे 80 मिनिटं जादा, म्हणून 292 रुपये. एक मेख आहे. मूळ पगार 43,600 च्या वर गेला की हा भत्ता बंद. 35,400 वर लागलेला स्टेशन मास्तर सात वेतनवाढींत 43,600 ला पोचतो. आठवी मिळाली की रात्री तेवढ्याच, पण भत्ता गेला. मामा यावर गप्प झाले नाहीत, पण विषय पेन्शनकडे वळवला.

आईच्या प्रश्नाचं उत्तर पैशात नव्हतं. आठवड्याची सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही, ती रोस्टरवर फिरते. आधी विचारायचं ते स्टेशनचं वर्गीकरण. ‘कंटिन्युअस’ असेल तर साधारण 8 तासांची पाळी आणि आठवड्यातून सलग 30 तास विश्रांती. कमी गाड्यांच्या ठिकाणी 12 तासांची पाळी असू शकते आणि विश्रांती सलग 24 तासांची, त्यात एक पूर्ण रात्र. भरपगारी रजा वर्षाला 30 दिवस असते. अडचण रजा असण्याची नाही, बदली माणूस मिळण्याची आहे. चवथीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं. म्हणून अर्ज खूप आधी द्यायचा आणि सहकाऱ्याशी अदलाबदल ठरवायची. गोव्यात याची एक सोय आपोआप आहे: चवथीला जो ख्रिस्ती सहकारी तुमची पाळी घेतो, त्याच्यासाठी नाताळच्या रात्री तुम्ही उभं राहायचं. ही देवाणघेवाण तोंडी ठरली तरी साहेबाच्या मंजुरीने कागदावर यायला हवी. आणि चवथीचे पाचही दिवस मागू नका, माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायचा दिवस आणि पहिला दिवस मागा. तेवढे मिळण्याची शक्यता बरी असते. आई म्हणाली, ‘विसर्जनाला नाही आला तरी चालेल.’ आमच्या दृष्टीने ही बैठक तिथेच अर्धी जिंकली होती.

झोपेबद्दल मुलाला स्वतंत्र बसवलं. रात्रपाळीहून आल्यावर घरात कुकरच्या शिट्ट्या, दारात मासेवाली, टीव्ही. दिवसा झोप लागत नाही आणि तिसऱ्या रात्री डोळा लागतो. परीक्षेआधी घरीच थोडे दिवस रात्री जागून, दिवसा काळोख्या खोलीत झोपून पाहा, असं सुचवलं. ज्याला दिवसा तासभरही झोप येत नाही, त्याने भत्त्याचे आकडे बघूच नयेत.

उठता उठता वडिलांनी खरी भीती बोलून दाखवली. 2 जून 2023 ला ओडिशात बाहानगा बाजारला झालेला अपघात त्यांनी टीव्हीवर पाहिला होता; सिग्नलच्या वायरिंगमधली चूक चौकशीत निघाली आणि पुढे सिग्नल विभागातल्या तिघांना अटक झाली, टेक्निशियनसुद्धा त्यात होता. ‘आमच्या पोरावर असं आलं तर?’ येऊ शकतं, हे आम्ही लपवलं नाही. पण काम कसं करायचं याची लेखी पद्धत आहे. सिग्नलच्या गिअरला हात लावण्याआधी मास्तरला टी/351 चा डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, त्याची सही आणि वेळ घ्यायची, मगच काम सुरू करायचं. काम झाल्यावर सांधा दोन्हीकडे फिरवून, सिग्नल तपासून, मगच रिकनेक्शनचा मेमो. गाडी येतेय, कंट्रोलचा फोन वाजतोय, मास्तर म्हणतो ‘आधी जोडून दे, कागद मागाहून बघू’, तेव्हा ‘आधी कागद’ म्हणता आलं पाहिजे. मुलाला विचारलं, वरिष्ठ रागावले तरी हे म्हणशील का? तो लगेच हो म्हणाला नाही. विचार करून, पुढच्या आठवड्यात येऊन सांगतो म्हणाला, आणि येताना नेत्रतज्ज्ञाचा रंगदृष्टीचा दाखला घेऊन आला.