नांदेडला गुरुद्वारा सोडला तर बघण्यासारखं काय आहे?

एका दिवसात कोणकोणते गुरुद्वारे होतील आणि 'गुरुद्वारा सोडला तर' काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. हे 'सोडला तर' मी आमच्या पुण्याच्या भाऊजींकडूनही ऐकलंय, भर पंगतीत. वर म्हणाले, "ते पंजाब्यांचं देवस्थान, तुम्हा नांदेडकरांचा काय संबंध?" नवे जावई, म्हणून तेव्हा कुणी बोललं नाही.

दिवाळीला आले तेव्हा मी त्यांना पहाटेच सचखंडला, म्हणजे मुख्य गुरुद्वाऱ्यात, नेलं. सेवादार गोदावरीच्या पाण्याची घागर घेऊन येत होते. तख्त रोज याच पाण्याने धुतात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बहादूरशहाच्या छावणीबरोबर इथे आले. इथल्याच माधोदास बैराग्याचा शीख योद्धा बंदासिंग झाला. देह ठेवण्याआधी गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, तेही इथेच. एवढं ऐकून भाऊजी म्हणतात, "पण बांधलं पंजाबच्या रणजितसिंगांनीच ना?" बांधलं, १८३२ ते १८३७. काशी विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं, म्हणून ते महेश्वरचं झालं का? शेजारी उभे असलेले एक म्हातारे सरदारजी आमचं ऐकत होते. म्हणाले, "पाव्हणं, आमच्या चार पिढ्या इथंच गेल्या. चला, चहा घेऊ." असे दखनी शीख नांदेडात पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ते माझ्याइतकेच नांदेडकर आहेत.

तर, सचखंड, लंगरसाहिब, नगिना घाट आणि बंदा घाट सकाळीच उरकतील. एका वणजारी शिखाने दिलेलं रत्न गुरूंनी गोदावरीत टाकलं, ती जागा नगिना घाट, असं सांगतात. माल टेकडी, शिकार घाट, हिरा घाट आणि माता साहिब लांब आहेत, त्यासाठी गाडी करा.

गावाचं वय विचाराल, तर चौथ्या शतकातल्या वाकाटक विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात 'नांदीकड' येतं आणि अभ्यासक ते नांदेडच मानतात. नदीकाठचा नंदगिरी किल्लाही बघा. पडझड झालीये, तरी बघा. आणखी एक दिवस असेल तर कंधारचा किल्ला अजिबात चुकवू नका, तो राष्ट्रकूटांच्या काळातला आहे. पुण्याच्या माणसाला तर मुद्दाम तिथे न्यावं, भाऊजी अजून गेलेले नाहीत.

हो, होळी किंवा दसऱ्याला येणार असाल तर एका दिवसाचा बेत सोडा. हल्ल्याची, म्हणजे लुटुपुटुच्या चढाईची, मिरवणूक निघते, रस्ते तुडुंब भरतात आणि खोली आधी ठरवली नसेल तर मिळणं अवघड.