मन शांत होत नाही म्हणतोस, त्याबद्दल

बाळा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. रोज कल्याण ते दादर लोकलने उभ्याने, दिवसभर ऑफिस, मधल्या वारी बायबल स्टडी, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस, वर उपासही धरलेस आणि तरी मन शांत होत नाही, मग आता अजून काय करू असं विचारतोस. मला मनापासून वाटतं, तू अजून काही वाढवूच नकोस.

आधी बायबलमधलं इब्री 3 आणि 4 एका बैठकीत वाच, तिथे देवाच्या विसाव्याबद्दल आहे, मग गणना 13 आणि 14. देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश बघायला त्यांच्यातले बारा जण गेले, 40 दिवस फिरले, येताना द्राक्षांचा एवढा मोठा घोस आणला की तो काठीला लावून दोघांनी खांद्यावर घेतला, सोबत डाळिंबं, अंजिरं. फळ डोळ्यांसमोर आहे, तरी दहा जण म्हणतात तिथले लोक धिप्पाड, आपण त्यांच्यापुढे टोळ. कालेब आणि यहोशवा सोडून कोणी पुढे जायला तयार नाही, मग 40 वर्षं रानात.

इथवर उपदेशात आपण ऐकतोच, पण पुढचं फार कोणी सांगत नाही आणि मला तुला तेच दाखवायचंय. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक उठून म्हणतात आमचं चुकलं, आता जातो. त्यांचा पुढारी मोशे म्हणतोय जाऊ नका, परमेश्वर तुमच्यासोबत नाही, तरी गेले आणि मार खाऊन परत आले. म्हणजे जा म्हटलं तेव्हा बसले आणि नको म्हटलं तेव्हा धावले! वरून तो केवढा उत्साह दिसतो, पण आत विश्वास नव्हताच, स्वतःचंच चाललं होतं. इब्री 3 च्या शेवटी बघ, आज्ञा न मानणं आणि अविश्वास लागोपाठच्या ओळींत येतात.

आता तुझं. मोठ्या भावाशी खोलीवरून बोलणं बंद आहे हे तूच सांगितलंयस, आणि मत्तय 5:23-24 तुला पाठ आहे, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. एवढं एक सोडून बाकी सगळं तू करतोयस रे. मत्तय 11:28, थकलेल्यांनो माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन, हे कॅलेंडरवर असतं म्हणून सगळ्यांना माहीत, पण लगेच पुढे येशू म्हणतो माझं जू घ्या, माझ्यापासून शिका, आणि जिवाच्या विसाव्याचं बोलणं तिथे आहे.

भावाला फोन केलास म्हणून विसावा कमावलास असं होत नाही हं, काम ख्रिस्ताने पुरं केलंय, इब्री 4:10 नीट वाच. त्याच्यावर टेकतोस म्हणूनच तो म्हणतो ते करायचं बळ येतं. भाऊ तुटक बोलला तर वाद घालू नकोस, खोलीचा विषय काढूच नकोस, फक्त कसा आहेस विचार, रोम 12:18 मध्येही तुमच्याकडून होईल तितकं असंच म्हटलंय.

आणि झोप पूर्ण कर. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी खायला दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं, त्याचं काम त्यानंतर.

रविवारच्या आत भावाला फोन कर. आधी प्रार्थना करायची असेल तर मला कॉल कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.