होमिओपॅथीची पदवी असताना मेडिकल असिस्टंटचा कोर्स करावा का?

नमस्कार.

तुम्ही लिहिले आहे की बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) झाल्यावर साताऱ्याजवळ सात वर्षे स्वतःचा दवाखाना चालवला, यजमानांना एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) मिळाल्यामुळे आता न्यू जर्सीला जायचे ठरले आहे आणि मुलगी चौथीत आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात मेडिकल असिस्टंटचा कोर्स करावा का, आणि तिकडे करमेल का, असे तुम्ही मला ताई म्हणून विचारले आहे. मीही बीएचएमएस आहे. २०१६ च्या डिसेंबरात आम्ही न्यू जर्सीत आलो, २०१७ च्या सप्टेंबरात मी याच कोर्सला प्रवेश घेतला आणि पुढच्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झाले. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस मी त्याच विचारात आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

फी, विषय, कालावधी ही माहिती कॉलेजच्या पत्रकात मिळते, ती मी पुन्हा लिहीत नाही. पत्रकात जे नसते, त्यात पहिली अडचण नावाची येते. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग माझे नाव आणि मग वडिलांचे नाव असा क्रम आहे, तर पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे आणि आडनाव सासरचे. कॉलेजच्या कार्यालयाने गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द माझे नाव समजून नोंदवला आणि त्यांच्या संगणकात मी दोन वेगवेगळ्या बाई झाले. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, विद्यापीठाकडून मागवलेली ट्रान्स्क्रिप्ट, पदवीचे मूल्यांकन या सगळ्यात पाच महिने गेले. एवढे करूनही शरीररचनाशास्त्र आणि वैद्यकीय परिभाषा हे विषय मला पहिल्यापासून शिकावे लागले, कारण मान्यताप्राप्त कोर्सचा प्रत्येक घटक तिथेच पूर्ण करावा, असा त्या कॉलेजचा नियम होता. साडेपाच वर्षे शिकलेले कोणी मोजले नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते. तुम्ही निघण्यापूर्वी सर्व कागदांवरचे नाव एक करून घ्या. इथून ते काम फार अवघड जाते.

दुसरी गोष्ट लसींची. प्रात्यक्षिकासाठी दवाखान्यात पाठवण्यापूर्वी गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ततपासणी अहवाल, हिपॅटायटिस बी चे तीन डोस आणि क्षयरोगाची चाचणी मागतात. हिपॅटायटिसचा पहिला आणि तिसरा डोस यांत साधारण सहा महिन्यांचे अंतर असते, तेव्हा ते भारतातच सुरू करा आणि तारखा महिना अक्षरी घालून लिहून घ्या, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. क्षयरोगासाठी त्यांनी माझ्या हातावर त्वचेची चाचणी केली आणि दोन दिवसांत तिथे मोठी गाठ आली. आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असल्यामुळे असे होऊ शकते, हे मला माहीत होते, पण फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती. मग छातीचा एक्स-रे, मग पुन्हा कागद, आणि तोवर वर्गातल्या बाकी सगळ्यांना दवाखाने मिळून गेले होते. तुम्ही सरळ क्षयरोगाची रक्ततपासणी मागा. बीसीजीमुळे ती चुकत नाही.

तिसरी गोष्ट एच-४ ची, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसाची, आणि ती नीट समजून घ्या. या व्हिसावर शिकता येते, कमावता येत नाही. सहसा यजमानांचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरायचा अर्ज) मंजूर झाल्यावरच तुम्हाला ईएडीसाठी, म्हणजे कामाच्या परवान्यासाठी, अर्ज करता येईल, आणि तो परवाना मिळेपर्यंत सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांकही मिळत नाही. कोर्सच्या शेवटी किमान १६० तासांचे विनावेतन प्रात्यक्षिक असते. मला ठरवून दिलेल्या दवाखान्याचा पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज त्या नंबराशिवाय पुढे सरकेना. दुसरा दवाखाना शोधण्यात महिना गेला. प्रवेश घेण्यापूर्वी, फी भरण्यापूर्वी, हा एकच प्रश्न कॉलेजला लेखी विचारा: नंबर नसलेल्या विद्यार्थिनीला तुम्ही प्रात्यक्षिकाला कुठे पाठवता?

शिक्षण मात्र चांगले आहे, हे मी मनापासून सांगते. भारतातल्या माझ्या दवाखान्यात मी कधी शिरेतून रक्त काढले नव्हते. इथे आधी रबरी हातावर आणि मग एकमेकींच्या हातावर शिकवले. कोपराच्या खोबणीतली शीर डोळ्यांनी न शोधता बोटाने शोधायची, दाबल्यावर ती परत उसळते ती खरी. दंडावरचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. नळ्या ठरलेल्या क्रमाने भरायच्या, निळ्या टोपणाची आधी आणि जांभळ्या टोपणाची नंतर, कारण एका नळीतले द्रव्य पुढच्या नळीत गेले की अहवाल बिघडतो. माझ्या जोडीला पन्नाशीची एक बाई होती, कारखाना बंद पडल्यावर शिकायला आलेली. तिच्या हातातून पहिल्यांदा नळीत रक्त उतरले तेव्हा मला माझा दवाखाना आठवला आणि मला रडू आले. ती समजली की मी रक्त पाहून घाबरले.

कामाचे स्वरूपही ऐकून ठेवा. पेशंटला खोलीत न्यायचे, वजन पौंडात घ्यायचे, रक्तदाब मोजायचा, चालू औषधे विचारायची, सगळे संगणकात भरायचे आणि डॉक्टर आले की बाहेर पडायचे. निदान करायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. नियम योग्यच आहे, पण जिने सात वर्षे पेशंट तपासले आहेत तिला तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. एकदा मुलाकडे आलेल्या एक आजी तपासायला आल्या. मराठी ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "काय शिकलीस गं, बाळा?" मी म्हणाले, "इथेच शिकले, वर्षभराचा कोर्स." बीएचएमएस हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तो का निघाला नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, आणि मलाही ते पूर्ण कळलेले नाही.

करमण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. पहिला हिवाळा कठीण जातो, नंतर सवय होते. इथे मराठी मंडळे आहेत, गणपती आहेत. त्याची फार काळजी करू नका.

काळजी मुलीच्या शाळेची करा. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, असा फॉर्म देतात. मी खरे तेच लिहिले: मराठी. माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेला होता, तरी त्याची चाचणी घेऊन त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात घातले. रोज विज्ञानाच्या तासाला त्याला उठवून दुसऱ्या खोलीत नेत. माझा कोर्स सुरू झाला त्याच महिन्यात पुढच्या वर्षासाठी शाळेचे पत्र आले. नऊ वाजता रक्त काढण्याचे प्रात्यक्षिक होते आणि बसला तीन मिनिटे होती. मी थांब्यावर पिशवीवर कागद टेकवून सही केली. पालकांना हा वर्ग नाकारता येतो, असे दुसऱ्या पानावर छापलेले होते. ते मी दीड वर्षाने वाचले. त्या वर्षी मी वर्गात पेशंटच्या संमतीचा धडा पाठ केला होता: सही घेण्यापूर्वी पेशंटला कागद समजावून सांगा, त्याला नकार देण्याचा अधिकार आहे हे सांगा. पुढे शाळेने भेटीला बोलावले तेव्हा माझे १६० तास चालू होते आणि मी गेले नाही. मुलगा २०१९ च्या जूनमध्ये त्या वर्गातून बाहेर पडला. "घरी मराठी बोललो म्हणून मला तिकडे बसवले," असे तो एकदा म्हणाला, आणि तेव्हापासून तो मला इंग्रजीतच उत्तर देतो.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ईएडी येईपर्यंत मी चौदा महिने घरी होते. कोर्स एक वर्ष उशिरा केला असता तरी चालले असते, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणून माझे उत्तर असे आहे: कोर्स करा, पण पहिल्या वर्षी नको. आय-१४० कधी भरणार, हे यजमानांच्या कंपनीला विचारा आणि त्या हिशेबाने प्रवेश घ्या. ते पहिले वर्ष मुलीच्या शाळेला द्या.

कॉलेजचा आरोग्याचा फॉर्म हाती आला की मला पाठवा, मी ओळ न ओळ वाचून कळवते. मुलीच्या शाळेचे कागदही पाठवा, दोन्ही बाजूंचे.